नाव तेच

"साफ खोटं आहे हे!" कल्याणप्पा मास्तर बाकावरून उठलेच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गणिताच्या मास्तरांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते सांगायला पुण्याहून एक प्राध्यापक उस्मानाबादला आले होते. यंत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळा कारभार खडूवर. फळ्यावर लिहिलं होतं : क = क + १.

"असं लिहिणाऱ्या पोराला मी भोपळा देतो," मास्तर म्हणाले.

प्राध्यापक हसले. "हे समीकरण नाही, हुकूम आहे. 'क' हे एका खणाचं नाव. आधी त्यात शून्य ठेवा. दारातून एक पोरगा आत आला, की खणातला आकडा घ्या, एक मिळवा आणि उत्तर त्याच खणात ठेवा. मोजणी अशी चालते."

"आणि आधीचा आकडा?"

"पुसला जातो. खणाचं नाव तेवढं तेच राहतं."

मास्तरांना कळलं. कळलं म्हणूनच तोंड कडू झालं.

संध्याकाळच्या गाडीनं ते तामलवाडीला उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांचं लग्न होतं, दुसरं. पहिली बायको महानंदा गेल्या हिवाळ्यात बाळंतपणात गेली होती. अंगणात त्यांची आई, अव्वा, तिच्या रुखवतातली भांडी राखेनं घासत बसली होती.

"अव्वा, त्या पोरीचं नाव महादेवी हाय."

"उद्यापासनं महानंदा. भांड्यावर घातलंय की नाव! आता खोडत बसू का? तूच तर व्हय म्हणलास."

म्हणाले होते खरे, पेपर वाचता वाचता, मान वर न करता. आता त्या लखलखीत पितळेवरून त्यांनी नजर काढून घेतली.

मांडवात तांदळाचं ताट पुढं आलं. मास्तरांनी अंगठीनं लिहिलं : महादेवी. गुंडाप्पा मामांनी वाकून वाचलं आणि चपापून अव्वाकडं पाहिलं. अव्वानं तळहातानं तांदूळ सपाट केले.

"चुकलं त्याचं. लिव्ह रं नीट."

बायका फिदीफिदी हसल्या. मास्तरांनी पुन्हा तेच लिहिलं.

तेव्हा शेजारून खालमानेनंच नवरी पुटपुटली, "लिवा की त्यांचं नाव. मला चालतंय."

मास्तरांच्या अंगावर शिसारीचा काटा आला. तिची नव्हे, तिला हे बोलायला शिकवणाऱ्या सगळ्यांची शिसारी. त्यात ते स्वतःही आले. त्यांनी अंगठी बाजूला ठेवली. ताटात महादेवी तशीच राहिली.

घरात मात्र अव्वाचंच चाललं. दळताना, वाढताना हाक यायची ती महानंदाची. शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. मास्तर एकटेच हट्टानं महादेवी म्हणत.

दिवाळी होऊन गेली. एके सकाळी शाळेला निघताना त्यांनी स्वैपाकघराच्या उंबऱ्यातून हाक मारली, "महादेवी!"

चुलीपुढं ती भाकरी थापत राहिली. त्यांनी पुन्हा हाक मारली. तिनं वळूनही पाहिलं नाही.

परसातनं अव्वा ओरडली, "महानंदा!"

"आले, अव्वा!" म्हणत ती पिठाच्या हातानं लगबगीनं उठली आणि त्यांच्या अंगावरून परसात निघून गेली.