चौथ्या दिवशी पळालेला इमाम

बंदुकवाल्यांनी दुपारी सगळा बाजार मशिदीपुढे हाकलून आणला. त्यांचा म्होरक्या कचल्ला गरजला, "तुम्ही सगळे बाटलेले! आज नमाज मी पढवणार."

गोनी मुस्तांनी त्याला तेवढ्या दाढीतूनही ओळखलं. बोर्नो प्रांतातल्या या गावात त्यांनी तीस वर्षं पोरांना लाकडी पाटीवर कुराण गिरवायला शिकवलं होतं. हा दिवटा मात्र चौथ्या दिवशीच पाटी टाकून पळाला होता आणि पुढे पेट्रोल चोरताना सापडला होता. लोक म्हणत, धर्म जास्त डोक्यात गेला की माणूस असा होतो. गोनी म्हणत, "डोक्यात जायला तो आधी शिकावा लागतो."

कचल्ला पुढे उभा राहिला आणि घसा ताणून कुराणातल्या आयती ओरडू लागला. दुपारच्या नमाजात त्या मनातल्या मनात म्हणतात, हे शेंगा विकणाऱ्या म्हातारीलाही ठाऊक होतं. एरवी 'सुब्हानल्लाह' कौतुकानं म्हणतात; पण नमाजात इमाम चुकला की मागच्यांनी तेच म्हणून टोकायचं, ही रीत. गोनींनी टोकलं. मग सगळ्या रांगेनं टोकलं. ते ऐकून कचल्लाला आणखीच चेव चढला.

नमाज संपल्यावर तो मिशीत हसत म्हणाला, "काय गोनी, कसा पढलो? सगळे वाहवा करत होते!"

"वाहवा कसली, गाढवा? चूक दाखवत होते," गोनी म्हणाले. "पण तुला कसं कळणार? ते पाचव्या दिवशी शिकवतात."