कारण सापडले नाही

प्रमिलाबाईची पहिली मुलगी एकसष्टच्या मार्गशीर्षात गेली, भर दुपारी. दीड वर्षाची होती. सकाळी ताकात कुस्करलेली भाकरी खाल्ली, वासराच्या मागे अंगणभर धावली आणि दमून झोळीत झोपली. प्रमिलाबाई शेजारीच कापसातला काडीकचरा वेचत बसली होती. बऱ्याच वेळाने, पोर अजून उठत कशी नाही म्हणून तिने झोळीत हात घातला, तर अंग गार लागलं.

मी तेव्हा शहाद्याच्या आरोग्य केंद्रात नर्स होते. तापीकाठची नऊ गावं माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ताप नव्हता, खोकला नव्हता, अंगावर कसला डंख नव्हता. सासू शांतीबाई ओट्यावरून म्हणाली, "मायनी नजर लागनी. दुसरं काय?" आईचीच नजर लागली, असं ती सुनेच्या देखत म्हणत होती. प्रमिलाबाई खाली मान घालून ऐकत होती.

आमचे डॉक्टर मोघे मूळचे वाईचे. त्यांना अशा मुलांनी झपाटलं होतं. झोपलेली धडधाकट मुलं उठत नाहीत, असं तीन वर्षांत अकरा घरांत झालं होतं. त्यात गुजर होते, पाटील होते, वर्षाच्या बोलीवर सालदारकी करणारे भिल्लही होते. डॉक्टरांनी सगळ्यांची टिपणं काढली आणि मुंबईला अर्ज केला. तिथे मोठ्या डॉक्टरांची एक सल्लागार समिती होती. मुलांच्या कोणत्या आजाराच्या संशोधनाला पैसा द्यावा, हे ती सरकारला सांगायची. डॉक्टरांना एक प्रयोगशाळा आणि दोन माणसं हवी होती.

समितीचे दोघे जण बासष्टच्या हिवाळ्यात शहाद्याच्या विश्रामगृहात येऊन उतरले. अध्यक्ष डॉ. दस्तूर वयस्कर, मृदू बोलणारे. दुसरे डॉ. कामत, प्रेतं तपासून मृत्यूचं कारण शोधणारे. मी भिंतीपाशी उभी होते.

कामतांनी टिपणं चाळली. "ही अकरा मुलं कशाने गेली ते तुम्हाला माहीत नाही, बरोबर?"

"बरोबर," मोघे म्हणाले.

"मग ती एकाच गोष्टीने गेली, असं कशावरून? एखाद्याला हिवताप असेल, एखाद्याला साप चावला असेल."

"तेच शोधायचंय, साहेब."

दस्तूर म्हणाले, "डॉक्टर, आमच्यापुढे देवी आहे, क्षय आहे, घटसर्प आहे. तुम्ही तर नाव नसलेला आजार घेऊन आलात. याची शिफारस आम्ही कशी करावी?"

मोघ्यांचा चेहरा उतरला. तेव्हा कामतच म्हणाले, "एका तरी मुलाचं शवविच्छेदन करा. नमुने मला पाठवा, मी स्वतः तपासतो. मग मला समितीत बोलता येईल."

जीपमध्ये बसताना दस्तूर माझ्याकडे वळले. "बाई, घरच्यांना तुम्हीच समजावू शकाल. सगळं तुमच्यावर आहे." एवढा मोठा माणूस माझ्याशी असं बोलला, याचं मला फार अप्रूप वाटलं. कितीतरी दिवस मी त्याच तोऱ्यात होते.

पुढच्या वर्षभरात अशी दोन मुलं गेली. दोन्ही घरांनी मला दारातूनच परत पाठवलं. एका आजीने माझ्या पायाशी पाणी ओतलं आणि दार लावून घेतलं.

चौसष्टच्या माघात प्रमिलाबाईचा मुलगा गेला. दहा महिन्यांचा. तसाच, दुपारी, झोपेत. या वेळी तिने स्वतः मला बोलावणं पाठवलं.

घरात बायका बसल्या होत्या. 'पोरखाई' हा शब्द मी ओटा चढताना ऐकला. प्रमिलाबाईच्या मांडीवर पोर होतं. ती रडत नव्हती.

"बाई, तुमना डाक्टर पोरले फाडीसन कारन काढस ना?"

"हो. पण सापडेलच असं नाही."

"फाडा. पन माले सांगा, कसामुळे गया. मन्हामुळे गया का, ते सांगा."

तिचा नवरा चुनीलाल कोपऱ्यात बसला होता. तो उठला, "तुन्ह डोकं फिरनं का?" म्हणाला आणि परत बसला. शांतीबाईने सांगितलं, "त्याले कापाले लई गयी, ते या घरमा पाय ठेवू नको." प्रमिलाबाई पोराला घेऊन उठली आणि बैलगाडीत जाऊन बसली. शेवटी चुनीलालने संमतीच्या कागदावर सही केली, पण आमच्याबरोबर आला नाही.

डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. मी शेजारी होते. नमुन्यांच्या बरण्या नंदुरबारहून रेल्वेने मुंबईला गेल्या. टाके घातलेलं पोर मी नव्या कापडात गुंडाळून प्रमिलाबाईला दिलं. तिचा भाऊ दोधू आला होता. त्याने नदीकाठी खड्डा केला. तिथूनच तो तिला आपल्या गावी घेऊन गेला, कारण सासरचं दार बंद झालं होतं.

"उत्तर आलं की मी स्वतः घेऊन येते," मी तिला म्हटलं.

ती वाट बघत राहिली. दर बाजाराच्या दिवशी दोधूबरोबर शहाद्याला यायची, केंद्राच्या पायरीशी उभी राहायची. "उनं का?" मी मान हलवायची. ती निघून जायची.

श्रावणात पाकीट आलं. पत्र इंग्रजीत होतं. डॉक्टरांनी मला मराठीत सांगितलं. कोणत्याही अवयवात मृत्यूचं कारण आढळलं नाही. रोगच आढळत नसल्यामुळे संशोधनासाठी पैसा देण्याची शिफारस समिती करत नाही. खाली आणखी एक परिच्छेद होता. एकाच आईची दोन मुलं अशा रीतीने गेली असल्यामुळे हलगर्जीपणा किंवा मुद्दाम केलेलं कृत्य यांची शक्यता नाकारता येत नाही, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी चौकशी करावी.

डॉक्टरांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला. "हे दस्तूरांनी लिहिलं असेल? किती चांगले बोलले होते ते तुमच्याशी."

ते स्वखर्चाने मुंबईला जाऊन आले. समितीने त्यांचं म्हणणं पंधरा मिनिटं ऐकून घेतलं. कामत म्हणाले, "तिनेच केलं, असं मी कुठे लिहिलंय? शक्यता नाकारता येत नाही, एवढंच लिहिलं. शास्त्रात असंच लिहितात."

मी एसटीने दोधूच्या गावी गेले. प्रमिलाबाई गोठ्यात शेण भरत होती. मला बघून तिने हात धुतले.

"काही सापडलं नाही," मी म्हटलं.

"काहीच नही?"

"काहीच नाही."

तिने ओले हात पदराला पुसले. "म्हंजे मन्हा दोष नही."

"नाही."

"कागदवर शे का तसं?"

पत्राची नक्कल माझ्या पिशवीत होती. "आहे," मी म्हटलं.

"मंग तो कागद माले द्या. सासूले दाखाडसू."

"सरकारी कागद आहे. देता येत नाही."

तिने ते खरं मानलं. मला चहा करून दिला. एसटी येईपर्यंत माझ्याबरोबर फाट्यावर थांबली. किती दिवसांनी तिला मी मोकळेपणाने बोलताना बघत होते.

आठ दिवसांनी फौजदार दोधूच्या दारात आला. अख्ख्या गावादेखत त्याने तिला विचारलं, पोराला काय पाजलं होतं? तोंडावर कापड टाकलं होतं का? सासरशी भांडण होतं का? चौकशी दोन महिने चालली आणि पुरावा नाही म्हणून बंद झाली. तोवर पंचांनी सोडचिठ्ठी करून दिली होती. दिवाळीच्या आधी चुनीलालने दुसरी बायको आणली.

मी पुन्हा गेले. जाऊन काय सांगणार होते, मलाही ठाऊक नव्हतं. ती आधी बाहेर येईना. मग दारात येऊन उभी राहिली.

"तुले माहीत व्हतं?" आजवर ती माझ्याशी मानाने बोलायची.

"होतं."

"मी तुले मन्हा पोऱ्या दिधा. आते काय मांगाले उनी?"

ती आत गेली. दोधू म्हणाला, "बाई, तुम्ही जा आते." पुढे ती खानदेश सोडून सुरतेकडे कुणा नातेवाइकाकडे गेली, असं कानावर आलं. तिथे तिचं काय झालं, मला माहीत नाही.

मोघ्यांची कोकणात बदली झाली. जाताना त्यांनी ती टिपणं कुणाच्या हवाली केली नाहीत. चुलीत घातली, असं शिपाई म्हणाला.

सहासष्टच्या उन्हाळ्यात केळीच्या मळ्यावरच्या गोवालची मुलगी झोपेत गेली. तो भिल्ल, सालदार. त्याची बायको धनुबाई पोरीला छातीशी धरून बसली होती, आणि मळ्यातल्या बायका तिच्यापासून जरा लांब, एकमेकींकडे बघत उभ्या होत्या. नवे डॉक्टर तिथे आले नव्हते. गोवालने मला विचारलं, "काय झालं होतं, बाई?"

"ताप होता," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मेंदूत गेला."

नोंदवहीत मी तेच लिहिलं. नोकरी संपेपर्यंत अशी आणखी चार मुलं माझ्या गावांत गेली. चौघांच्या नावापुढे मी ताप लिहिला. वरून कधी कुणी काही विचारलं नाही.