डब्यातला वीजचोर

बॅटरीच्या मीटरचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता. ड्रायव्हरने काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म.

"अगं, पंखा बंद कर."

"कधीचाच बंद आहे. आता श्वास घेणंही बंद करू का?"

बस चालवून निवृत्त झालेला हा गडी आणि इस्पितळाच्या धुलाईघरात उभा जन्म काढलेली त्याची बायको, दोघं गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेऊन तळ्याकाठी येऊन राहिली होती. त्या घराला ती लाडाने डबा म्हणत. आसपास ना विजेचा खांब, ना शेजारी. एक बॅटरी, आणि तिला उन्हावर भरणारं, डब्यामागे पायांवर उभं केलेलं सोलर पॅनेल. दुपारनंतर तिथे झाडांची सावली पडे, म्हणून सगळी मदार सकाळच्या उन्हावर.

मुलगा वायरमन. त्यानेच सगळं जोडून दिलं आणि निघताना दम भरला, "बाबा, रविवारी जेवायला येतो. बॅटरी झोपलेली दिसली तर डबा गाडीला जोडायचा आणि सरळ घरी. उद्या काही झालं तर फोनसुद्धा लागायचा नाही."

ड्रायव्हरला घरी जायचं नव्हतं. आयुष्यभर त्याने लोकांना सहलीला सोडलं आणि रिकामी बस घेऊन परत फिरला. पहिल्यांदाच तो स्वतः उतरला होता.

आणि रविवार तर उद्यावर आला होता. नाइलाजाने त्याने मुलाला फोन करून रडगाणं गायलं, पण फोनवरून त्यालाही काही सुचलं नाही. त्याने फ्रिज बंद करून दूध तळ्याच्या पाण्यात ठेवलं. पाण्याचा पंप बंद केला. बायकोचा रेडिओ तर गाणं चालू असतानाच काढून घेतला.

"चोर सापडेपर्यंत सगळ्यांवर संशय!"

"मग मलाही कोंडा. निदान स्वयंपाक तरी चुकेल."

रविवारी सकाळी त्याने नेहमीप्रमाणे पॅनेल मऊ फडक्याने पुसलं, बसची काच पुसायचा तसंच, डाग म्हणून ठेवला नाही. मग मासे धरायला निघाला. रोज तो जेवायच्या वेळेलाच परतायचा. आज मात्र गळाला लावायच्या आमिषाची डबी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून मागे फिरला.

पॅनेलवर पांढरीशुभ्र चादर अंथरली होती. कोपऱ्याला कोपरा, एक सुरकुती नाही. शेजारी त्याचाच बनियन.

"अगं, हे काय?"

"चादर. डोळे गेले का?"

"पॅनेलवर?"

"मग कशावर? फांद्यांना चीक, गवतात मुंग्या. तुम्ही रोज सकाळी इतकं लख्ख पुसून ठेवता, मला वाटलं माझ्यासाठीच! तापतंही छान. तुम्ही यायच्या आत वाळून घडी होते."

रोज चादर धुतल्याशिवाय तिला चैन पडत नसे, हे त्याला ठाऊक होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात म्हणे. इथे तर तो त्या रोज घासूनपुसून देत होता! तो मटकन पायरीवर बसला आणि पोट धरून हसू लागला.

"म्हणजे ऊन सगळं चादरीनंच खाल्लं?" तिने जीभ चावली. मग लगेच हात पुढे केला. "आधी माझा रेडिओ परत करा. तो निर्दोष सुटला."

दोघांनी डब्यापासून झाडापर्यंत दोरी बांधली. चादर वाऱ्यावर फडफडली. मुलगा आला तेव्हा काटा हिरव्या पट्ट्यात शिरला होता.

मुलाने मीटर पाहिला, वाकून पुन्हा पाहिला. "कमाल आहे. काल तर फोनवर रडत होतात. मग काय खात होतं वीज?"

ड्रायव्हरने बायकोकडे पाहिलं. ती एकदम भाजी ढवळू लागली.

"होती एक जुनी खोड," तो म्हणाला. "मोडली."

जेवणाआधी मुलगा तळ्यात डुंबून आला. अंग पुसत डब्यामागे गेला आणि ओला टॉवेल झटकून त्याने तो पॅनेलवर पसरला.

"उचल तो!" दोघं एकदमच ओरडली.

"अहो, पण जागा कसली तापलीये इथे..." म्हणता म्हणता वायरमनसाहेबांचा चेहरा पडला.

"हं," ड्रायव्हर म्हणाला, "कोणाला घरी न्यायचं म्हणत होतास?"

मुलाने मुकाट्याने टॉवेल उचलून दोरीवर टाकला. "राहा हवे तितके दिवस," तो पुटपुटला.

"आईचा लेक शोभतोस!" आई म्हणाली आणि तिने रेडिओचा आवाज मोठा केला.