नांगर मागून बांधला

जावयाला बुडवून मारायचं, हे झिग्मुंट व्होयतासनं रविवारी सकाळी दाढी करताना ठरवलं.

खाली स्वयंपाकघरात तोच जावई, रोलाँ कुत्यूर, झिग्मुंटच्याच खुर्चीत बसून झिग्मुंटचीच कॉफी पीत होता आणि मुलगी हालिना त्याला अंडी तळून देत होती. तिच्या दोन बरगड्या ह्याच माणसानं लाथ घालून मोडल्या होत्या, म्हणून आठवड्यापूर्वी ती बापाकडे पळून आली होती. ओठाचे टाके अजून काढायचे होते. तरी हा गडी सकाळी दारात उभा राहून ढसाढसा रडला, मेलेल्या आईची शपथ घेतली, आणि हालिना विरघळली. तिची बॅग त्यानं स्वतःच्या हातानं आपल्या गाडीत टाकलीसुद्धा.

"संध्याकाळी जा की," झिग्मुंट खाली येऊन म्हणाला. "आधी माझ्याबरोबर शॅड धरायला चल. घरचा माणूस तू, एकदा तरी माझ्या होडीत बस."

हालिनानं बापाकडे टक लावून पाहिलं. इतकं गोड तिचा बाप आयुष्यात बोलला नव्हता. "मी पण येते," ती म्हणाली. "काठावर बसेन."

मे महिन्यात शॅड मासे समुद्रातून अंडी घालायला कनेक्टिकट नदी चढून येतात, आणि कागद गिरणीजवळ धरणाची भिंत आडवी आली की तिच्या पायथ्याशी थव्याथव्यानं घुटमळतात. रविवारी चर्च उरकलं की सगळं गाव तिथल्या खडकांवर खांद्याला खांदा लावून उभं असतं. ज्यांच्याकडे होडी, ते धारेत नांगर टाकून बसतात. नांगराचा दोर होडीच्या नाकाला बांधायचा, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मागं बांधला तर संपलं. मागची बाजू इंजिनाच्या वजनानं आधीच खाली दबलेली, त्यात धरणातून पाणी सोडलं की होडीला मान वर काढता येत नाही आणि ती बघता बघता गिळली जाते. म्हणून पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, आणि भोंगा वाजला की सगळ्यांनी नांगर उचलून खाली पळायचं.

झिग्मुंटचा बेत एवढाच होता. भोंगा वाजला की दोर मागं न्यायचा. त्याच्या कोटाच्या आत तरंगायचं जाकीट होतं. रोलाँसाठी त्यानं छातीपर्यंत येणारी रबरी विजार आणली होती, ती पाण्यानं भरली की माणूस पोत्यासारखा तळाला जातो. नंतर म्हणायचं, पोरगा नवखा, घाबरून दोर भलतीकडे बांधला.

पण रोलाँनं विजार बोटाच्या चिमटीत धरून परत होडीत फेकली. "हा लंगोट तुम्हालाच लखलाभ, सासरेबुवा. मी काय अंथरूण ओलं करतो का?" तो साध्या पँटीत आणि कॅनव्हासच्या बुटात चढला. बेत तिथंच गुंडाळायला हवा होता. पण एकदा डोकं फिरलं की झिग्मुंटला मागचंपुढचं दिसत नसे, आणि ते तर आठवडाभर फिरलेलंच होतं.

भिंतीखाली पाणी उकळत असल्यासारखं वळत होतं. रोलाँच्या गळाला पहिल्याच फेकीत मासा लागला. त्यानं जोरात हिसडा दिला आणि गळ रिकामा परत आला, त्याला ओठाची चिंधी लटकलेली.

"हळू ओढ," झिग्मुंट म्हणाला. "त्याचं तोंड कागदासारखं असतं. फाटतं."

"फाटू दे. मासाच आहे ना?"

दुसऱ्याचंही फाटलं. तिसरा मात्र आत आला, पोट अंड्यांनी टम्म फुगलेली मादी. तिला मारायला होडीत लाकडी दांडका होता, डोक्यावर एक टोला पुरे. रोलाँनं तिला शेपटीला धरून होडीच्या काठावर आपटलं, पुन्हा आपटलं, पोट फुटून अंडी त्याच्या मांडीवर सांडली तरी आपटत राहिला. रक्त झिग्मुंटच्या चष्म्यावर उडालं.

"साली मरता मरत नाही," रोलाँ दमून हसला. मग हात पँटीला पुसत म्हणाला, "एक सांगून ठेवतो. पुन्हा ती तुमच्याकडे पळून आली ना, तर घर जाळीन तुमचं. दोघांना आत ठेवून." झिग्मुंटचा चेहरा बघून त्यानं डोळा मारला. "अहो, थट्टा केली! पोलिश लोकांना हसताच येत नाही."

भोंगा वाजला.

आजूबाजूच्या होड्यांतून नांगर भराभर वर आले. झिग्मुंट उठला, नाकाचा दोर सोडला, "बस, बस, मी बघतो" म्हणत मागं आला आणि मागच्या कड्यात अडकवला. भिंतीवरून पाण्याचा लोट कोसळला, होडी गर्रकन फिरली, मागची कड बुडाली आणि बर्फासारखं पाणी कमरेपर्यंत आत आलं. इथपर्यंत सगळं बेतासारखं झालं. पण सैल पडलेल्या दोराचा वेढा त्याच्याच घोट्याभोवती बसला होता, हे त्याला होडी जाताना कळलं.

जाकीट वर ओढत होतं, दोर खाली ओढत होता. मधे झिग्मुंट. नाकातोंडात पाणी गेलं, छाती फुटायला आली, पायाचा सांधा कडकन निखळला आणि पाण्याखालीही त्याला स्वतःची किंकाळी ऐकू आली. मेलो, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि हा जिवंत राहिला.

मग कुणीतरी त्याची मानगूट धरली. कुणीतरी त्याच्या पायाशी मासे कापायचा चाकू चालवत होतं, दोर कापताना मांसही कापत होतं. दोर तुटला. लोटानं दोघांना खडकांवर आदळलं, आणि ब्रोनेकनं, गिरणीतल्या झिग्मुंटच्या जुन्या सोबत्यानं, दोघांना जाळीच्या दांड्यानं ओढून बाहेर घेतलं.

रोलाँनं त्याला वाचवलं होतं. स्वतःचा जीव धोक्यात घालून, एका क्षणाचाही विचार न करता. हे मान्य करावंच लागेल, आणि झिग्मुंटला ते मरणापेक्षा जड गेलं.

काठावर नुसता जल्लोष. लोक रोलाँच्या पाठीवर थापा मारत होते. ब्रोनेकनं आपली व्होडकाची बाटली त्याच्या हातात दिली. हालिना धावत आली ती आधी बापाच्या गळ्यात पडली आणि मग नवऱ्याच्या, आणि रडत रडत म्हणाली, "बघितलंत ना, ताता? वाईट नाहीये हो तो. आता तरी पटलं?"

"पण काय हो जावईबापू," ब्रोनेक म्हणाला, "दोर मागं बांधायची अक्कल कुणाची? शेपटीकडून गेली होडी, सगळ्यांनी पाहिलं."

सगळे हसले.

"मी हातसुद्धा लावला नाही दोराला," रोलाँ म्हणाला. त्यावर तर आणखीच हसले.

झिग्मुंटनं फक्त हसायचं होतं. पण हालिना नवऱ्याच्या गाडीकडे कोरडे कपडे आणायला निघाली होती, आणि तिच्या चालण्यात असा काही हलकेपणा आला होता की त्याला दिसलं, ही आता गेली. ह्या उपकाराखाली ती जन्मभर लाथा खाईल.

"मी बांधला," तो ओरडला. "मुद्दाम बांधला. ह्याला मारायला."

हसू थांबलं. रोलाँला कळायला थोडा वेळ लागला. मग बाटली टाकून तो आला आणि त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला. दुसरा ठोसा डोळ्यावर. मग छातीवर बसून तो मारतच सुटला. कुणी मधे पडलं नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांना तो मार रास्तच वाटत होता, आणि झिग्मुंटलाही. हाताशी चांगला मुठीएवढा दगड होता, पण त्यानं तो उचलला नाही. मार, तो मनात म्हणत होता, तिच्यासमोर मार.

हालिनानं मागून येऊन रोलाँचा दंड धरला. "सोड त्यांना! मरतील ते!"

रोलाँनं फक्त मान वळवली. त्याचा हात अजून वर गेलाही नव्हता. पण हालिना तेवढ्यात दोन्ही कोपरं डोक्यावर घेऊन, बरगड्यांची बाजू चोरून, खडकावर मुटकुळं करून बसली होती. इतक्या सफाईनं, इतक्या चटकन, की ब्रोनेकच्या तोंडून "येशू!" एवढंच निघालं. आणि रोलाँचा हात, रोजची सवय, तिच्या कोपरांवर पडला. कोपर तोंडावर आदळून ओठाचे टाके उसवले.

मग मात्र माणसं तुटून पडली. त्याला केसांना धरून उठवलं, दांडक्यानं गुडघ्यावर हाणलं, खाली पाडून बुटांनी तुडवलं. मघाशी ज्यांनी पाठीवर थापा मारल्या होत्या तेच हात होते. रोलाँ आईला हाका मारत होता. शेवटी ब्रोनेकनंच "पुरे, पुरे, तुरुंगात जाल रे," म्हणून सगळ्यांना ओढून काढलं.

हालिना उठून झिग्मुंटजवळ आली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"ताता, खरंच मुद्दाम बांधलात?"

"हो."

"त्यानं तुमचा पाय सोडवला, आणि तुम्ही त्याला मारायला नेलं होतंत. मी इथं बसून बघणार होते."

"तुझ्यासाठी केलं गं, पोरी."

"तोही हेच म्हणतो," ती म्हणाली. "मारून झालं की दर वेळी."

ती रोलाँच्या गाडीकडे गेली, दार उघडून आपली बॅग काढली. झिग्मुंटला वाटलं, आता आपल्या गाडीकडे येईल. ती दोन्ही गाड्या ओलांडून चढावरच्या मोठ्या रस्त्याला लागली.

"बॅग जड आहे तिला," झिग्मुंट ब्रोनेकची बाही ओढत म्हणाला. "बरगड्या मोडल्यात रे तिच्या. जा, उचल."

ब्रोनेक पळत गेला आणि त्यानं बॅगेला हात घातला. हालिनानं त्याचा हात झटकला, बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि ती चालत राहिली.