बारा मिनिटांची परीक्षा आणि कमळाकर सरांची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. कमळाकर सरांनी मला पेणच्या बाजारात घेतलं, तेव्हा ते धाटावच्या कंपनीत नवीन लागले होते. शिफ्ट सुटली की ते रोह्यातल्या मुलींना फुटबॉल शिकवत आणि मी त्यांच्या गळ्यात असे. "हिचा आवाज नदीपलीकडं जातो," असं लोक कौतुकानं म्हणत. पुढं रंगीत प्लास्टिकच्या शिट्ट्या आल्या आणि मी खडूंच्या डब्यात जाऊन पडले. पोटातला बुचाचा गोळा सुकून चिकटला.

गेल्या वर्षी जिल्हा स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. क्लबचे अध्यक्ष हैबतराव कुठूनसा बुद्धिमापनाचा पेपर घेऊन आले. पन्नास प्रश्न, बारा मिनिटं.

"परदेशात असेच खेळाडू निवडतात," ते म्हणाले. "यात जे पुढं, ते मैदानात पुढं."

सरांची नवी शिट्टी घरी राहिली होती, म्हणून पेपर सुरू करायला मला काढलं. बारा मिनिटांनी मीच तो थांबवला, घोगऱ्या आवाजात. त्या दिवसापासून मी पुन्हा सरांच्या गळ्यात राहिले.

भाविकाला अडतीस मार्क पडले. तस्नीमला अकरा. तिचं नाव यादीतून गेलं. ती बुटांच्या नाड्या सोडून बसून राहिली. स्पर्धेला जाणार, असं तिनं दुबईतल्या अब्बांना फोनवर सांगूनही टाकलं होतं.

स्पर्धेआधी रामवाडीच्या मैदानावर पेणच्या मुलींशी सराव सामना झाला. तस्नीम बाहेर बसली होती. मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागे. तेव्हा भाविकाच सरांजवळ आली.

"सर, तस्नीमला आत घ्या. मी धावते, पण बॉलच येत नाय."

"अकरा मार्कांची पोरगी?" हैबतराव म्हणाले.

"सराव सामनाच हाय, भाऊ. बघू तरी," असं म्हणून सरांनी मला फुंकलं.

तस्नीम आत आली. बॉल यायच्या आधीच ती मान वळवून मागं बघून घ्यायची. पायाशी आला की लगेच पुढं ढकलायची, तेही जिथं कुणीच नाही तिथं. तेवढ्यात भाविका तिथं पोचलेली असायची. एक गोल झाला, मग दुसरा. तिसऱ्याला हैबतराव टोपी हातात घेऊन नाचत होते, आणि माझ्या पोटातला गोळा इतक्या वर्षांनी मोकळा खुळखुळला.

"तुला कसं गो कळतं, ती कुठं जाणार?" सामना संपल्यावर हैबतरावांनी विचारलं.

"भाविका वळायच्या आधी त्या बाजूचा खांदा खाली घेते," तस्नीम म्हणाली. "दोन वर्षं बघतेय मी."

हैबतराव हसले. "हा प्रश्न आमच्या पेपरात नव्हता." यादीत तिचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं.

जिल्ह्यात आमचा संघ दुसरा आला. तस्नीमनं मैदानातूनच अब्बांना व्हिडिओ कॉल लावला, आणि सरांनी त्यांना ऐकू जावं म्हणून मला तीनदा वाजवलं.

मित्रांनो, तो पेपर वाईट नव्हता. भाविका हुशार आहेच आणि खेळतेही छान. फक्त त्या पेपराला सगळं दिसत नव्हतं. तुमच्या घरात माझ्यासारखी जुनी शिट्टी पडली असेल, तर कोमट पाण्यानं धुऊन एकदा फुंकून बघा. मात्र एखाद्या मुलीसाठी शेवटची शिट्टी बारा मिनिटांत वाजवू नका.