‘इन’ म्हणजे नाही

वर्ग चालू असतानाच ती आत शिरली, तडक फळ्यापाशी गेली आणि इंग्रजीच्या मास्तरांसमोर खडू धरला.

“लिहा. इन्फ्लेमेबल.”

बाकांवरची कुजबुज थांबली. रविवार सकाळचा हा वर्ग नोकरी करणाऱ्यांचा. कुणी शिंपी, कुणी ड्रायव्हर, कुणी दवाखान्यातली आया. ती स्वतः औषधांच्या दुकानात खोकी लावायची आणि दीड वर्ष तिसऱ्या बाकावर निमूट बसायची. तिचा आवाज एवढा मोठा आहे, हे आज पहिल्यांदाच कळत होतं.

मास्तरांनी शब्द लिहिला.

“अर्थ सांगा.”

“पटकन पेट घेणारं.”

“मग ‘इन’ म्हणजे नाही, हे कोण म्हणालं होतं? इनकरेक्ट म्हणजे बरोबर नाही. इनकम्प्लीट म्हणजे पूर्ण नाही. इनव्हिजिबल म्हणजे दिसत नाही. चाळीस शब्द लिहून दिलेत तुम्ही. समोर ‘इन’ दिसलं की डोळे मिटून ‘नाही’ म्हणा, म्हणालात.”

“या शब्दात तसं होत नाही. हा वेगळा—”

“हे कधी सांगणार होतात? माझ्या भावाचे हात जळाल्यावर?”

मास्तर खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले. तिला वाटलं होतं, ते अंगावर येतील, वर्गाबाहेर काढतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तोंडाशी आलेलं सगळं ओकून टाकता आलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, “चुकलं माझं. काय झालं ते सांगा.”

तिचा थोरला भाऊ लाकडी सामानाच्या कारखान्यात होता. वर्गाला यायला त्याला सवड नसायची, म्हणून ती घरी येऊन त्याला शिकवायची. चाळीस शब्दांची यादी त्याने कपाटाच्या दारावर चिकटवली होती आणि दाढी करता करता पाठ केली होती. बारा दिवसांपूर्वी कारखान्यात एका पिंपाजवळ ग्राइंडर चालवताना ठिणगी उडाली आणि पिंपाने पेट घेतला. काल कारखान्याचं पत्र आलं. कामगाराला इंग्रजी वाचता येतं, त्याने पिंपावरचं ‘इन्फ्लेमेबल’ हे लेबल वाचलं आणि ‘न पेटणारे’ असा अर्थ लावला, हे त्याने स्वतः कबूल केलं आहे. सबब अपघात त्याच्या हलगर्जीपणामुळे झाला.

“म्हणजे मीच जाळलं त्याला,” ती म्हणाली. “तुम्ही मला शिकवलंत आणि मी त्याला.”

पत्रासोबत पिंपाचा फोटो होता. तिने फोनवर तो उघडून मास्तरांच्या तोंडासमोर धरला. रात्रभर तिने तो पाहिला होता. लाल अक्षरं, पांढरा कागद, तोच शब्द.

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. फोन डोळ्यांजवळ नेला. ती पुन्हा भडकणार एवढ्यात ते म्हणाले,

“पिंप काळं ठिक्कर पडलंय. रंगाचे पापुद्रे सुटलेत.”

“मग? जळल्यावर काय होणार?”

“लेबलाला धग लागलेली दिसत नाही.”

तिने फोन हिसकावून घेतला. कागदाच्या चारही कडा सरळ होत्या. एका कोपऱ्याखाली काजळीचा थर तसाच दबला होता. रात्रभर तिने फक्त तो शब्द वाचला होता.

वर्ग सोडून मास्तर तिच्याबरोबर दवाखान्याकडे निघाले. तिने नको म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही. रस्ताभर ती दोन पावलं पुढे चालत राहिली. राग आता नेमका कुणावर धरावा हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

भाऊ जागा होता. कोपरापर्यंत पट्ट्या बांधलेले दोन्ही हात उशीवर ठेवले होते. मास्तरांना पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला.

“पडून राहा,” मास्तर म्हणाले.

“दादा,” ती म्हणाली, “पिंपावरचं लेबल तू वाचलंस?”

“कसलं लेबल? त्या दिवशीच आलं होतं ते पिंप, कोरं, वर एक अक्षर नव्हतं. मुकादम म्हणाला, धुवायचं पाणी आहे, उरक इथेच.”

“मग न पेटणारं असं तू कुठे म्हणालास?”

“ते होय?” त्याचा चेहरा खुलला. “ते इथे. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे साहेब आले होते. कागदावर एकच शब्द लिहिलेला. म्हणाले, तुला इंग्रजी येतं म्हणे, सांग बरं याचा अर्थ. सलाइन चालू होतं, डोळेसुद्धा नीट उघडत नव्हते. म्हटलं, आता अब्रूचा प्रश्न आहे. ‘इन’ दिसलं आणि लगेच सांगून टाकलं. साहेब म्हणाले, शाब्बास. लिहूनच घेतलं त्यांनी.”

तो तिच्याकडे पाहत राहिला.

“बरोबर आलं ना गं?”

तिने खाली घसरलेलं पांघरूण वर ओढलं, कडा नीट खोचल्या. मग पुन्हा एकदा खोचल्या.

“नाही आलं, दादा,” ती म्हणाली. “पण चूक आमची. तुझी नाही.”

तो ओशाळून हसला. मास्तरांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं, वहीचं कोरं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

“आता सावकाश सांग,” ती म्हणाली. “कागद घेऊन आलेल्या साहेबाचं नाव काय?”