रुखमानं सांगितलं होतं

१९७८ साली पवनीजवळच्या एका खेड्यात शोभाताई नर्स गरोदर बायकांना धनुर्वाताची दुसरी सुई द्यायला गेल्या होत्या. सहा महिन्यांची गरोदर रुखमा बाही वर करता करता थांबली.

“बाई, मागच्या सुईनं माया अंगभर गांध्या उठल्या होत्या. दोन दिवस खाज गेली नाही.”

“मच्छर चावले असतील तुले. सुईले भेऊन बहाणे करून राहिली तू!” शोभाताई म्हणाल्या. रांगेतल्या बायका हसल्या. रुखमानं ओशाळून दंड पुढं केला.

पाव तासात तिच्या अंगावर लाल चट्टे उठले. ओठ सुजले, श्वास लागू लागला. बैलगाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत शोभाताई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं आणि हळूहळू तिचा श्वास जागेवर आला.

रुखमाच्या सासूनं, चंद्रभागाबाईंनी, शोभाताईंचा हात धरला. “बाई, तुम्ही संग होत्या म्हणून वाचली माई सून.”



डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. “पहिल्या सुईला काही त्रास झाला होता का?”

रुखमानं शोभाताईंकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “नाही जी.”

तिचं ते खोटं शोभाताईंना सोसवलं नाही.

“झाला होता, डॉक्टर. तिनं मले सांगितलं होतं. मीच तिले चारचौघींत हसली.”

चंद्रभागाबाईंनी त्यांचा हात सोडला. डॉक्टर लिहीत राहिले. शोभाताईंना मान वर करता आली नाही.